टॉवेल कोणाच्या हातून राहिला?

महालात बडकस चौकाजवळ माझ्या साळ्याचं घर आहे. गावाकडचं कोणी मेयोत भरती झालं की डबा तिथूनच जातो आणि जेवताना कोणीतरी म्हणतंच, "डॉक्टर काही देव नाही होय बाप्पा!" खरं आहे. मीही कपाशी पेरतो, पण बोंडाची हमी देत नाही. दवाखान्याच्या काचा फोडणारे तर मला मुळीच पटत नाहीत. पण या एका वाक्याखाली लोक भलतंच काही झाकून टाकतात.

१९६३ सालची गोष्ट. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात एक बाई बाळंत झाली, मुलगा झाला. मग तिथंच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ताप हटेना, पोटदुखी थांबेना. दुसऱ्या डॉक्टरनं पोट पुन्हा उघडलं, तर आत टॉवेल! २४ जुलैला बाई गेली. घरच्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टानं ३६,००० रुपये भरपाई दिली, हायकोर्टानं तो निकाल फिरवला, सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये पुन्हा कायम केला. तान्हं लेकरू तोवर बत्तीस वर्षांचा बाप्या झालं असेल.

आता टॉवेल नेमका कोणाच्या हातून राहिला, हे त्या बाईनं कसं सांगावं? ती तर टेबलावर आडवी. पोट तिचं, पण आतलं तिला दिसत नव्हतं. आपण गाय गायक्याच्या हवाली करतो. रोगानं मेली तर त्याला बोल लावत नाही. पण राखण नसल्यानं विहिरीत पडली आणि त्या दिवशी गायकी तिघं होते, म्हणून विचारायचंच नाही काय? ज्यानं गाय ताब्यात घेतली त्याला विचारायचं. सुप्रीम कोर्टानंही तेच धरलं: दवाखान्यात हयगयीनं मरण आलं हे ठरलं, की दवाखाना चालवणाऱ्या सरकारला भरपाई चुकत नाही.

आणि काम तरी केवढं? शिवण्याआधी टॉवेल मोजायचे. ज्वारी कापून झाली की आम्ही विळे मोजतो. एक कमी भरला तर अंधार पडला तरी कडब्याच्या पेंढ्या सोडून पाहतो, बैलाच्या तोंडाला लागेल म्हणून.