निष्काम कोण?

गिरण्यांच्या काळात कोकणातला चाकरमानी मुंबईत राबे, मनीऑर्डर धाडे, गणपती-शिमग्याला घरी येई. मधले महिने लेकरं एकटी आई वाढवी. तिच्या कष्टांना निष्काम कर्म म्हणून आपण हात जोडले. मला हे खटकतं. गीतेतला फलत्याग कर्त्याने स्वतःसाठी स्वीकारायचा असतो. दुसऱ्याच्या श्रमांचं मोल नाकारायला तो वापरता येत नाही. नवराही घरासाठीच झिजत होता, हे खरंच. गिरणीतली रात्रपाळी सोपी नव्हती. पण तिथे पाळी संपल्याचा भोंगा तरी व्हायचा. तापलेल्या पोराच्या कपाळावरची ओली पट्टी बदलायची, धाकटं कडेवर, चुलीवर पेज उतू चाललेली, ही पाळी कधी सुटायची? ती स्वतः कुठे तक्रार करत होती, असं कुणी विचारील. जात्यावरच्या ओव्या नीट ऐकल्या असत्या तर विचारलं नसतं.