सुटणाऱ्या विटा

घर बांधायला काढलं त्या सुमारास पुण्यातल्या पेठेतला एक वाडा उतरवत असल्याचं कळलं. पाडकामाचा ठेकेदार माल विकत होता. आम्ही गेलो होतो सागवानासाठी. येताना ट्रकमध्ये विटाही होत्या, त्या मिस्त्रींमुळे.

त्यांनी ढिगातली एक वीट उचलून थापीच्या कडेनं दोनदा टोकली. चुना पापडीसारखा गळून पडला, वीट अख्खी. मग मागाहून बांधलेल्या मोरीच्या भिंतीतली घेतली. सिमेंट जागचं हललं नाही, वीटच दुभंगली. "ही नको साहेब, हिचा रोडाच होणार."

चुन्याचा मसाला विटेहून मऊ असतो. भिंत हलली की चीर सांध्यातून जाते, विटेला धक्का लागत नाही. सिमेंट विटेपेक्षा कडक, त्यामुळे तुटायची वेळ आली की वीट तुटते. लाकडाचंही तेच. तुळया कुसू घालून, वर लाकडी खुंटी मारून जोडलेल्या. खुंटी ठोकून बाहेर काढली की जोड सुटला. पुढच्या भाडेकरूंनी ठोकलेले खिळेच आम्हाला नडले. एक आत दडून राहिला आणि वखारीतल्या करवतीचं पातं गेलं. त्याचे पैसे आम्हीच भरले. जुना माल स्वस्त पडतो असं सांगणाऱ्यानं सुताराची मजुरी धरलेली नसते.

वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या आपल्या टेकडीवरच्या घरात पाडलेल्या जुन्या घरांचं लाकूड वापरलं होतं, हे मला वाचून ठाऊक होतं. पण वाचताना मनात येत नाही की आपल्याला दार मिळतं ते कुणाचं तरी घर गेल्यावर. आमच्या दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं गॅसचा सिलिंडर लावल्याच्या तारखा होत्या, एकाखाली एक. सुतारानं विचारलं, "रंधा मारू?" मी बाहेरच्या बाजूला मार म्हणालो.

दार बुटकं आहे. पाहुणे एकदा तरी डोकं आपटतात.

विटांची भिंत चुन्यातच करायची, असा माझा हट्ट होता. पण चुना मळून देणारं कुणी मिळेना. मिस्त्रींनी चुन्याची घाणी लहानपणी नुसती पाहिलेली. पावसाळा तोंडावर आला, आणि शेवटी सिमेंट कालवलं. शेवटचा थर लावून मिस्त्रींनी भिंतीवर हात फिरवला.

"आता ह्या कुठं जात नाहीत," ते समाधानानं म्हणाले.