आधी पाऊस, मग अंगण

कोकणात नव्या घराची वास्तुशांत होते तेव्हा घराभोवतीची जमीनही तयार असावी, अशी आता अपेक्षा असते. मालक मुंबईकर चाकरमानी असेल तर विशेषच. रजा मोजकी, तेवढ्यात सगळं आटोपायचं. मग जेसीबी येतो, चढउतार सपाट करतो. त्यावर खडी, खडीवर पेव्हर ब्लॉक, कडेने चिऱ्याचं पक्कं कंपाउंड, समोर लॉनचे तुकडे आणि गेटाच्या दोन्ही बाजूंना बाटलीपाम. माझं म्हणणं एवढंच की घर राहतं झाल्यावर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा आणि मग या कामाला हात घालावा.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. या हिशेबाने एका गुंठ्यावर तीन लाख लिटर पाणी उतरतं. दहा हजार लिटरचे तीस टँकर. गुंठाभर जागा ब्लॉक आणि काँक्रीटने झाकली की यातलं बरंचसं पाणी मुरायचं सोडून धावू लागतं, आणि धावतं ते बहुधा शेजाऱ्याच्या आवारात. मुरलेलं सगळं पाणी आपल्याच विहिरीत येतं असंही नाही. जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून उताराने झिरपत शेवटी व्हाळालाच मिळतं. पण तासाभरात वाहून जाणं आणि आठवडे लावून झिरपणं यांतला फरक एप्रिलमध्ये पोहरा खाली सोडताना कळतो.

हे पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं, ते कागदावरच्या आराखड्यात दिसत नाही. पागोळ्या नेमक्या कुठे पडून माती उडवतात, नैर्ऋत्येची झड कोणत्या भिंतीला भिजवते, वरच्या धडीतलं पाणी कोणत्या कोपऱ्यातून शिरतं, हे आषाढातच उभं राहून पाहावं लागतं. माणसांचंही तसंच. विहिरीकडे, मागीलदाराकडे, शेजारी जायला घरातले लोक पायवाट आपोआप पाडतात. फरशी घालायचीच तर त्या वाटेवर घालावी. आधी वळणदार फरशी घातली की माणसं ती सोडून गवतातूनच जातात. कंपाउंडचंही पाहा. सुट्या चिऱ्यांचा जुना गडगा पाणी अडवत नसे, फटींतून जाऊ देई. सिमेंटात बांधलेल्या भिंतीला तळाशी भोकं ठेवली नाहीत, तर वरच्या बाजूला पाण्याचा आणि भिजलेल्या मातीचा दाब साठतो आणि एखाद्या श्रावणात ती भिंत आडवी होते.

जुन्या घराचं खळं दर वर्षी नव्याने व्हायचं. पाऊस सरला की माती टाकायची, पाणी मारून चोपायची, शेणाने सारवायची, वर मांडव. त्यावर भात झोडपलं जाई, मिरच्या, सोलं, आमसुलं वाळत. जूनमध्ये ते खळं पुन्हा पावसाच्या हवाली. वर्षाचे चार महिने ही जमीन उघडी असे, पाणी पीत असे. मात्र या खळ्याबद्दल हळवं होणाऱ्यांनी सारवणारे हात कोणाचे होते तेही आठवावं. शेण गोळा करण्यापासून गुडघ्यांवर बसून सारवण्यापर्यंत बहुतेक काम घरातल्या बायकांचं. आज गोठाच नाही, सारवायला माणूस नाही. सुनेने पेव्हर ब्लॉक मागितले तर ती मागणी रास्त आहे. वाळवणाला आणि बसाउठायला घरासमोर पाच-सहा हात रुंद पक्का पट्टा हवाच. आक्षेप आहे तो उरलेल्या सगळ्या आवारालाही तोच न्याय लावण्याला.

आणखी एक बदल फारसा बोलला जात नाही. जुन्या वाड्या खाली, मातीच्या आणि पाण्याच्या आश्रयाने होत्या. नवं घर गाडी दारात यावी म्हणून डांबरी रस्त्याला, म्हणजे अनेकदा वरच्या कातळाच्या सड्यावर बांधलं जातं. तिथे वीतभर माती असली तरी नशीब. म्हणून डंपरने लाल माती आणून ओतायची, आणि ती माती कुणाच्या तरी डोंगरउतारावरून किंवा शेतातून खरवडलेली असते. सड्याला सरकारी दप्तर पोटखराब म्हणतं. त्याच कातळावर पावसाळ्यात सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे गालिचे पसरतात, आणि असल्याच सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. घराच्या आवारातला थोडा कातळ तसाच राहू दिला तर काहीही बिघडत नाही. माती भरायचीच तर झाडापुरता खड्डा करून भरावी.

झाडांत मुख्य चूक अंतराची होते. हापूसचं कलम पारंपरिक लागवडीत दहा मीटरांवर, माड साडेसात मीटरांवर लावतात. नव्या आवारात दोन्ही कंपाउंडपासून हातभर अंतरावर दिसतात, कारण रोप लहान असताना मोकळी जागा डोळ्यांना खुपते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा नारळी-पोफळीच्या बागांची काय दशा झाली ते सर्वांनी पाहिलं. त्यातून माडच नको हा निष्कर्ष काढणं घाईचं आहे. माड आडवा झाला तरी छपरावर येणार नाही, इतका दूर हवा. न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू पूर्वीही होते, आजही तीच सोय सर्वांत स्वस्त आहे. लॉनबद्दल काय बोलावं! फेब्रुवारीपासून रोज पाणी, पावसात दर आठवड्याला कापणी, आणि बसायला सगळे पडवीतच.

शिवाय यातली पुष्कळ घरं वर्षातले दहा महिने कुलूपबंद असतात. आवाराची आखणी खरं तर या बंद घरासाठी करायला हवी. कोकम, फणस, जांभूळ, करवंदाची जाळी, कुंपणाला निगड किंवा गिरिपुष्प, ही मंडळी रुजली की मालकाची वाट पाहत नाहीत. पहिले दोन-तीन उन्हाळे मात्र त्यांच्या आळ्यांत पाणी पडायला हवं. त्यासाठी पगारी माळी ठेवणं बहुतेकांना परवडत नाही. वाडीतल्या एखाद्या घराला पुढे फणस, नारळ न्यायची मुभा देऊन हे काम होतं, असा व्यवहार गावात नवा नाही. फक्त तो ठरवायला कंत्राटदाराचा फोन उपयोगी नाही, शेजाऱ्याच्या पडवीत जाऊन चहा घ्यावा लागतो. आणि जेसीबीने ज्याच्या आवारात आपलं पाणी वळवलं, तोच शेजारी असेल तर त्या चहाची सुरुवात अवघड जाते.