ठेका आणि श्वास

‘हायलँडर’ या १९८६ सालच्या चित्रपटात एक जोडपं स्कॉटलंडच्या डोंगरात राहतं. तो अमर आहे, ती नाही. दोघं हसतात, खेळतात. बघता बघता तिचे केस पिकतात, आणि तो मात्र पहिल्या दिवशी होता तसाच. शेवटी ती त्याच्या मिठीत प्राण सोडते. तिला पुरून तो थडग्याशी आपली तलवार रोवतो. या दृश्यांवर क्वीन या रॉक बँडचं ‘हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरेव्हर’ वाजतं. मी ते आधी कॅसेटवर ऐकलं होतं, चित्रपट फार उशिरा पाहिला. कॅसेटवर ते एक सुंदर, उदास गाणं होतं. पडद्यावर पाहताना कळलं की त्यात दोन वेगवेगळे काळ वाजत आहेत.

रॉक बँड आणि वाद्यवृंद एकत्र आणण्यातली खरी अडचण आवाजाची नाही, लयीची आहे. रॉकचा कणा म्हणजे ड्रम. तो एकदा सुरू झाला की पुढचा ठोका कुठे पडणार हे ठरलेलं. वाद्यवृंद कंडक्टरच्या हाताकडे बघून वाजवतो, आणि तो हात ओळ संपताना किंचित रेंगाळतो, चढावर जरा घाई करतो. शिवाय गजाखालून निघणारा सूर हळूहळू उमलतो. ड्रमच्या काठीसारखं त्याला टोक नसतं. म्हणून रेकॉर्डिंगला वादकांच्या कानात हेडफोनमधून क्लिकची टिकटिक सोडतात. सगळे समेवर येतात खरे, पण पुष्कळदा वाद्यवृंदाचा श्वास तिथेच अडकतो. त्यात डिस्टॉर्शन लावलेली गिटार चेलो आणि व्हियोला यांच्याच स्वरक्षेत्रात पसरते आणि त्यांना गिळून टाकते. पन्नास माणसं जीव ओतून वाजवत असतात आणि आपल्याला ऐकू येते एकटी गिटार.

यावरचा सरळ उपाय म्हणजे वाटणी. ‘फ्लॅश गॉर्डन’मध्ये (१९८०) क्वीननं बँडचा भाग केला, वाद्यवृंदाचा हॉवर्ड ब्लेक यांनी. एका घरात दोन चुली. चित्रपट कॉमिकमधून आलेला, भडक रंगांचा. त्याला ते शोभलं. क्वीनचा सूर लागला की प्रेक्षकाला क्वीनच आठवते, आणि तिथे ते हवंच होतं. पण म्हातारपण आणि मरण दाखवताना बँडचा प्रसिद्ध चेहरा मध्ये आला तर दृश्य मोडतं. वाद्यवृंदाला तसा चेहरा नसतो. तो चित्रपटाचाच होऊन जातो.

‘हायलँडर’चं संगीत मायकेल केमन यांचं. ते दोन्ही घरचे होते. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीतशाळेत ओबो हे फुंकवाद्य शिकले आणि तरुणपणीच न्यूयॉर्क रॉक अँड रोल एन्सेम्बल नावाचा बँड त्यांनी काढला. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या ‘द वॉल’ अल्बमला वाद्यवृंदाची जोड त्यांनी दिली, पुढे १९९९ साली मेटॅलिका हा मेटल बँड आणि सॅन फ्रान्सिस्को सिंफनी यांनाही त्यांनीच एका मंचावर आणलं. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे यानं चित्रपटाचे काही भाग पाहिले आणि घरी परतताना गाडीतच हे गाणं त्याला सुचलं. वाद्यवृंद केमन यांनी सांभाळला.

या गाण्यात बँडनं आपला ठेकाच बराच वेळ आवरून धरला आहे. सुरुवातीला ऑर्गनसारखा लांब सूर आणि एक आवाज, बस. मग व्हायोलिनं येतात, आणि गाणं मोजून नाही, श्वास घेत पुढे सरकतं. ड्रम येतात ते उशिरा. माझ्या मते इथेच चित्रपटाचा अर्थ संगीतात उतरला आहे. फुगणारा, ओसरणारा वाद्यवृंद म्हणजे तिचं वय. पुढचा ठोका ठरलेला असलेला ठेका म्हणजे त्याचं न संपणारं आयुष्य. एरवी जी अडचण, तीच इथे आशय झाली. आपल्याकडे साथीदार कुठे भरतो आणि कुठे थांबतो यावरून त्याची पारख करतात. त्या कसोटीला क्वीनसारखा दणदणीत बँड इथे उतरतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

क्वीनच्या ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ या अल्बमवर या गाण्याचं पहिलं कडवं मे गातो. चित्रपटात मात्र सगळं क्वीनचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरीच गातो. झांझिबारच्या पारशी घरातला हा मुलगा लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहिला. तिथेच तो पियानो शिकला आणि शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड झाला. आईवडील समुद्रापार. मागे राहणं म्हणजे काय, हे त्या आवाजाला कुणी शिकवावं लागलं नसेल.

एक खंत मात्र आहे. क्वीनची गाणी त्या अल्बममधून घरोघरी गेली, पण केमन यांच्या पार्श्वसंगीताचा स्वतंत्र अल्बम तेव्हा निघालाच नाही. ते ऐकायचं तर चित्रपटासमोर बसावं लागे. आणि तिथे, मरताना, ती बायको आपल्या अमर नवऱ्याकडे एकच गोष्ट मागते: माझ्या वाढदिवशी एक मेणबत्ती लाव. काही शतकांनंतर, न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये, तो ती लावतो.