रथ, नाव आणि फोर्कचे पाईप

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्याच रथावरून कोंडीत पकडतो. दांडी म्हणजे रथ नव्हे, आस नव्हे, चाकंही नव्हेत. आणि हे सगळं वगळलं तर रथ म्हणून वेगळं काही उरत नाही. रथ हे व्यवहारापुरतं नाव. माणसाचंही तसंच, हे त्याला सांगायचं आहे. कॉलेजात हा संवाद मी वर्षानुवर्षं शिकवत आले. त्याचा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि का नाही हे माझ्या 1978 च्या येझदी मोटरसायकलचा पुढचा फोर्क खोलल्यावर मला नेमकं सांगता येऊ लागलं.

येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची. तो 1996 मध्ये बंद पडला, त्यामुळे जुना भाग सुधारून वापरणं हाच बहुधा चांगला मार्ग. फोर्कमध्ये वरचा पाईप खालच्या पायात सरकतो, स्प्रिंग वजन पेलते आणि बारीक भोकांतून जाणारं तेल तिची उसळी आवरतं. तेल आत राहतं ते ऑइल सीलच्या मऊ ओठामुळे. माझ्या पाईपांवर, सील घासतं नेमक्या त्याच पट्ट्यात, गंजाचे खड्डे पडले होते. नवं सील घातलं असतं तरी खड्ड्याच्या धारेने त्याचा ओठ फाटलाच असता. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाईप व्ही-ब्लॉकवर फिरवून डायलने वाक तपासला, जुना क्रोम उतरवला, ग्राइंडिंग केलं, जाड हार्ड क्रोम चढवून पाईप पुन्हा मूळ मापाला आणले. बुश आणि सील नवी, स्प्रिंगा जुन्याच.

सगळं टेबलावर मांडलं होतं तेव्हा नागसेनाची बाजू बळकट दिसत होती. पण गौतमाच्या न्यायसूत्रांत एक युक्तिवाद आहे: एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू येते, म्हणून अवयवांहून वेगळा अवयवी, म्हणजे सबंध वस्तू, खरा. टेबलावरचं सील ओढलं तर सीलच हातात येतं. जोडलेल्या गाडीचं हँडल ढकललं तर मागचं चाकही फिरतं.

यावर कोणी म्हणेल, नटबोल्टांनी बांधलंय म्हणून फिरतं. आक्षेप रास्त आहे. पण फोर्क जोडताना एक पायरी येते. चाकाची आस घातली की पायाचा क्लॅम्प बोल्ट लगेच आवळायचा नाही. पुढचा ब्रेक धरून फोर्क काही वेळा दाबायचा. पाय आसेवर सरकून आपली जागा घेतात. मग आवळायचा. घाईने आधीच आवळला तर प्रत्येक भाग मापात असूनही फोर्क अडखळतो. भागांची यादी पूर्ण, नाव तेच, बोल्ट घट्ट, आणि तरी फोर्क काम करत नाही! जे कमी पडतं ते यादीत नाही, नावातही नाही. वैशेषिक दर्शनाचे पंडित कापडाच्या कारणांत सुतांबरोबर सुतांचा संयोगही धरतात, तो याचसाठी.

त्यांच्याशीही माझं एका ठिकाणी जमत नाही. सूत काढलं की जुनं कापड नष्ट होऊन नवं निर्माण होतं, असं ते मानतात. त्या हिशेबाने सील बदललं की गाडी दुसरी. आरटीओ तरी चेसिस नंबर पाहून तीच गाडी मानतं. मला वाटतं, माप, जागा आणि भागांचं परस्परांशी नातं टिकलं, तर अवयवी टिकला.

याने आत्मा सिद्ध होत नाही. त्याला वेगळा पुरावा हवा, आणि तो माझ्याकडे नाही. पण रथच नुसतं नाव नसेल, तर रथाच्या दृष्टान्तावरून ‘मी’लाही नुसतं नाव म्हणता येत नाही, नागसेनाला दुसरा दृष्टान्त शोधावा लागेल. गाडीपुरता माझा निकाल पक्का आहे: येझदी तीच आहे.