पानिपतचा दोष कोणाच्या माथी?

खातेगांवहून नेमावरला गेलो की सिद्धनाथाच्या दर्शनानंतर मी घाटावर थोडा टेकतो. समोर नर्मदेपलीकडे हंडिया. १७६०च्या एप्रिलमध्ये सदाशिवरावभाऊंची फौज याच उताराने उत्तरेकडे गेली. उदगीरचा विजय ताजा होता. भाऊंना तिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. पुढचे आपणां सर्वांना ठाऊक आहे. मुलांना शाळेत ते हिंदीत एका परिच्छेदात उरकतात. घरी आजोबा मराठीत अर्धी रात्र सांगतात, आणि शेवटी म्हणतात, ''भाऊ हेकट, दुसरे काय!''

एवढ्याने हिशेब मिटतो का?

असाच प्रश्न पानिपतच्या अठरा वर्षे आधी दूर स्वीडनमध्ये आला होता. तेथील 'हॅट' पक्षाने १७४१त अपुऱ्या तयारीने रशियाशी युद्ध पुकारले. पुढल्या वर्षी हेलसिंकीला फौज शरण गेली. १७४३त लेवेनहॉप्ट आणि बुडेनब्रॉक या दोघा सेनापतींचा शिरच्छेद झाला, आणि युद्ध पुकारणारा पक्ष सत्तेवरच राहिला. अन्याय उघड दिसतो. पण लेवेनहॉप्ट स्वतः त्याच पक्षाचा, युद्धाला अनुकूल असलेला पुढारी होता, हे कळल्यावर माझी सहानुभूती जरा अडखळली.

भाऊही काही अजाण नव्हते. पेशव्यांचा कारभार त्यांच्या हातून चाले. तिजोरीची अवस्था त्यांच्याहून कोणाला अधिक माहीत? तरी मोहीम स्वीकारली. गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, रसद तुटली, माणसे-जनावरे उपाशी मरू लागली. तरी तळ इतके दिवस का धरून ठेवला, हे भाऊंनाच विचारावे लागेल.

परंतु सारे त्यांच्याच खात्यावर मांडणे मला पटत नाही. मल्हारराव होळकर रणातून निघून गेले. खुद्द नानासाहेब मदतीस निघाले ते उशिरा, आणि डिसेंबरच्या अखेरीस वाटेत पैठणला त्यांनी लग्न केले! यांचाही जबाब घ्यायला नको? विश्वासराव पडल्यावर भाऊ घोड्यावर बसून गर्दीत घुसले, ते परतले नाहीत. जो परतत नाही तो उलट बोलत नाही. दोष ठेवायला असा माणूस फार सोयीचा.

पुढे भाऊ म्हणवणारा एक तोतया आला. कित्येकांनी त्याला खरा मानले. १७७६त त्याला देहदंड झाला. पार्वतीबाईंनी मात्र भाऊ गेले हे कधी मानलेच नाही, आणि कुंकूही पुसले नाही.