शेवटचं पान वाचून आलेल्यांसाठी

बसा. चहाचे कप बाजूला ठेवा आणि मोबाइल पिशवीत टाका. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनी पुढे यावं, खुर्च्या रिकाम्या आहेत. काल उद्घाटनाला जे होते त्यातले निम्मे आज फिरकलेलेच नाहीत. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, फोटो निघाला, प्रशिक्षण संपलं! जे आलेत त्यांच्यावरच तोंडसुख घेणं बरं नव्हे हे मला कळतं. पण न आलेल्यांना ऐकवता येत नाही, तेव्हा त्यांच्या वाटणीचंही तुम्हीच ऐका.

तुम्ही पोलीस तक्रार प्राधिकरणाचे सदस्य आहात. कोण कुठल्या विभागातून आलंय ते मी विचारणार नाही, कारण आज सकाळी हाती आलेल्या कागदांवरून सगळे विभाग सारखेच दिसतात.

काल संध्याकाळी प्रत्येकाला एक फाइल दिली होती. सरावासाठी मीच तयार केलेली. नावगाव खोटं, पण कागदांची ठेवण ठाण्यातल्यासारखीच. अठ्ठावीस पानं, रात्रभराचा वेळ. सकाळी अभिप्राय आले. एक सोडून सगळ्यांनी लिहिलंय, ‘तक्रारित तथ्य आढळून येत नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात यावी.’ हे वाक्य तुमचं नाही. ते फाइलच्या शेवटच्या पानावर आहे, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याच्या अहवालात. ‘तक्रारित’मधला ऱ्हस्व ‘रि’ ही त्यांची चूक मी मुद्दाम ठेवली होती. ती तुमच्या कागदांवर जशीच्या तशी उतरलीय. महाविद्यालयात असतात तर परीक्षेला बसू दिलं नसतं. इथे मात्र तुम्ही माननीय!

आणि तो जो एक सुटला, त्याने मान वर करू नये. त्याने लिहिलंय, ‘पोलीस असेच वागतात, सर्वांना बडतर्फ करा.’ फाइल त्यानेही उघडलेली नाही. बाकीच्यांनी पोलिसांचा निष्कर्ष उतरवला, याने वर्तमानपत्राचा.

आता काढा फाइल. माझ्याबरोबर वाचा, बोट ठेवून.

तक्रारदार वीटभट्टीवरचा मजूर. त्याचं म्हणणं, मोबाइलचोरीच्या संशयावरून सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला उचलला, रात्रभर मारलं, डाव्या हाताचं हाड मोडलं. पोलिसांचं म्हणणं, मंगळवारी सकाळी चौकशीला बोलावला, अकरा चाळीसला अटक केली, त्यानंतर लॉकअपच्या बाथरूममध्ये पाय घसरून पडला. पान सात. ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर. वेळ वाचा. दहा पन्नास. कोणी आणला? पोलीस शिपाई, खाली बक्कल नंबर आहे. आणि डॉक्टरांनी काय लिहिलंय? डाव्या मनगटाच्या वर सूज, फ्रॅक्चरची शक्यता, एक्सरे काढावा. म्हणजे अटकेच्या पन्नास मिनिटं आधी हा माणूस पोलिसाच्या ताब्यात होता आणि हात तेव्हाच दुखावलेला होता. मग अटकेनंतरच्या बाथरूममध्ये पडलं कोण?

पान अकरा. स्टेशन डायरीचा उतारा. सोमवार, रात्री सव्वानऊ, ‘डी. बी. पथक एक इसमासह परत.’ डी. बी. म्हणजे गुन्ह्यांचा छडा लावणारं पथक. इसम कोण, नाव नाही. त्याला सोडला की बसवला, नोंद नाही. ठाणे अंमलदाराने लिहिलेली ही एक ओळ अख्ख्या अहवालाला पुरून उरते, पण ती पान अकरावर आहे आणि तुम्ही अठ्ठाविसाव्यावर उतरलात.

पान चौदा. नातेवाइकास कळविल्याबाबत. ‘पत्नीस फोनद्वारे कळविले’ आणि पुढे नंबर. मोजा आकडे. मोठ्याने मोजा, लाज कसली? नऊ! नऊ आकड्यांवर कुणाच्या बायकोचा मोबाइल वाजतो ते मला सांगा. पान एकोणीस, अटक पंचनाम्यावरचा पंच. तोच पंच, त्याच वेळेला, पान तेवीसवरच्या जप्ती पंचनाम्यावर सही करतोय, बारा किलोमीटरवरच्या शेतात.

यातलं काहीही शोधून काढायला बुद्धी लागत नव्हती. पानं उलटावी लागत होती.

तुमची खुर्ची कुठून आली ते तरी ठाऊक आहे का? प्रकाश सिंह हे उत्तर प्रदेश आणि आसामचे माजी पोलीस महासंचालक, सीमा सुरक्षा दलाचेही प्रमुख होते. पोलिसांवरचा राजकीय दाब दूर व्हावा म्हणून हा पोलीस अधिकारीच १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ ला, निकाल लागला. सात निर्देश दिले, त्यातला सहावा तुमचा. राज्यात एक आणि जिल्ह्याजिल्ह्यात एक तक्रार प्राधिकरण, आणि सदस्यांनी पूर्णवेळ काम करावं, त्याचा योग्य मोबदला घ्यावा. पूर्णवेळ! महिन्यातून एकदा फुलाफळांच्या थाळीपुढे बसायला नव्हे. महाराष्ट्राने पोलीस कायद्यात दुरुस्ती करायला २०१४ उजाडवलं, आणि जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग धरले. सिरोंच्याच्या माणसाने आता नागपूर गाठायचं आणि चंदगडच्या माणसाने पुणे. दोन दिवसांची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून तो तुमच्या दारात येतो, आणि तुम्ही त्याला काय देता? पुढची तारीख.

कालच्या सराव-सुनावणीत मी हेच पाहत बसले होते. तक्रारदाराची भूमिका करणाऱ्या मुलाला तुम्ही सबंध वेळ उभा ठेवलात आणि ‘अरे, नीट बोल’ म्हणालात. निरीक्षकाची भूमिका करणारा आत आला तर ‘या साहेब, बसा’. दोघंही विधी महाविद्यालयातली पोरं, एकाच वर्गातली. फरक फक्त अंगावरच्या शर्टाचा होता. आणि एका माननीयांनी तर शेवटी मिटवून घ्यायचा सल्ला दिला. ‘रोज त्याच ठाण्याच्या हद्दीत राहायचंय ना तुला?’ असं म्हणाले. अहो, ही वाक्यं त्याने ठाण्यात ऐकलेली असतात! ती पुन्हा ऐकायला तो एवढ्या लांब येत नाही. तक्रार मागे घेतो म्हणाला तर का घेतोस, कुणी भेटायला आलं होतं का, हे विचारणं तुमचं काम. तुम्हाला स्वतःहून दखल घ्यायचा अधिकार आहे, दिवाणी न्यायालयासारखे साक्षीदार आणि कागद हजर करायचे अधिकार आहेत. वापरले किती जणांनी? ‘संबंधितांकडून अहवाल मागवावा’ एवढंच लिहायचं असेल तर तुमची गरज नाही, त्याला टपाल खातं पुरे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच वरिष्ठाकडून अहवाल मागवायचा, आणि तो आला की त्याखाली सही करायची. यालाच तुम्ही चौकशी म्हणता.

आणि कायदा? काल कुणीतरी विचारलं, ‘दात पडला, ही काय गंभीर दुखापत झाली?’ झाली. हाड किंवा दात मोडणं, निखळणं ही गंभीर दुखापतच आहे, भारतीय दंड संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही आहे. दुसरे म्हणाले, वीस दिवस अंथरुणावर असेल तरच. वीस गेले, नव्या कायद्यात पंधरा झाले. पदावर बसून जुन्या पुस्तकावर निकाल देताय तुम्ही. बरं, हात मोडलाच नसता असं धरा. तरी हा मजूर तुमच्या दारात येऊ शकतो, कारण रीतसर पद्धत न पाळता केलेली अटक हाही तुमच्याच अखत्यारीतला विषय. तो नऊ आकड्यांचा नंबर एकटा पुरेसा होता. अटकेचा कागद साक्षीदारासमोर करायचा, नातेवाइकाला कळवायचं, कळवल्याची डायरीत नोंद करायची, दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरांना दाखवायचं, हे डी. के. बसू खटल्यात १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलं. ठाण्यातल्या त्या फॉर्मवरचे रकाने शोभेला छापलेले नाहीत. एकेका रकान्यामागे कोठडीत मेलेली माणसं आहेत.

सीसीटीव्हीचं तर विचारूच नका. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक ठाण्यात आवाजासह टिपणारे कॅमेरे हवेत, चित्रण अठरा महिने राहिलं पाहिजे, आणि तेवढी सोय बाजारात मिळतच नसेल तरी एका वर्षाच्या खाली यायचं नाही. सरावाच्या फाइलमध्ये तक्रार घटनेनंतर दहा महिन्यांनी दाखल झालीय. तुम्ही पोलिसांना म्हणणं मांडायला तीन महिने दिलेत. चित्रण जपून ठेवा असं पत्र कुणी काढलं? हात वर करा. एकही नाही. म्हणजे पुरावा पोलिसांनी पुसायचीही गरज उरली नाही, तुम्ही तारीख देऊनच पुसलात. पहिल्या दिवशी, तक्रारीवर पोच देण्याच्या आधी, ते पत्र गेलं पाहिजे. आणि ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं तर कधीपासून बंद, दुरुस्तीसाठी कुणाला लिहिलं, जावक क्रमांक काय, हे विचारायचं. जावक क्रमांक विचारला की बरेच कॅमेरे आपोआप सुरू होतात.

निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना वेगळं सांगते. तुम्हाला इथे घेतलं ते तुम्हाला डायरीतली रिकामी ओळ दिसते म्हणून. इतरांच्या आधी तुम्हालाच कळतं की ‘एक इसमासह परत’ म्हणजे काय. कळूनही गप्प बसलात तर वर्दी उतरलेली नाही एवढाच अर्थ. न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेल्यांनी ‘शंकेचा फायदा’ ही सवय दाराबाहेर ठेवावी. तुम्ही कुणाला फाशी देत नाही आहात. खातेनिहाय चौकशी किंवा गुन्हा नोंदवण्याची शिफारस करायची की नाही, इतकंच ठरवायचंय, तिथे खटल्याच्या शेवटी लागणारा पुरावा पहिल्याच दिवशी कसा मागता? पण शिफारस करताना कारणं पक्की लिहा. अहवाल नाकारायची वाट सरकारला कायद्याने ठेवलीय, फक्त कारण नोंदवावं लागतं. कच्चा अहवाल पाठवलात की ते कारण तुम्हीच हातात देता.

‘आमच्या वयाला आता शिकवणी कसली?’ असं जेवणाच्या टेबलावर कुजबुजलं गेलं, ते माझ्या कानावर आलंय. अमेरिकेत पोलिसांवर देखरेख करणाऱ्या नागरी मंडळांची नेकोल नावाची राष्ट्रीय संघटना १९९५ पासून आहे. तिथले सदस्य दरवर्षी परिषदांना जमून शिकतात, ठरलेलं प्रशिक्षण आणि नेमलेलं वाचन पुरं केलं तर प्रमाणपत्र मिळतं. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, मुळीच नाही. पण वाचायला सांगितलं तर तिथे कुणाचा अपमान होत नाही.

तेवढ्या लांब जायचं नसेल तर घरचं घ्या. १९७२ साली आताच्या गडचिरोलीतल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं, कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, विरोधाची खूण नाही. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांच्याकडे ना पद होतं ना समन्स काढायचा अधिकार. त्यांनी निकालपत्र ओळ न ओळ वाचलं आणि कुठे काय चुकलं ते लिहिलं. देशभर मोर्चे निघाले, १९८३ साली कायदा बदलला, कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला. तुमच्याकडे अधिकार आहे, शिक्का आहे, लाल अक्षरातली पाटी आहे. वाचन तेवढं नाही.

आणि हे पोलिसांच्या विरोधात बोलतेय असं वाटणाऱ्यांनी हेही ऐकावं. तुमच्या आळसाचा मार शिपायालाही बसतो. खोटी तक्रार तुम्ही दोन वर्षं लोंबकळत ठेवता, तोवर त्याची बढती अडते, घरी बायको विचारते, ठाण्यात सहकारी टोमणे मारतात. गणपतीच्या बंदोबस्तात दहा दिवस पायांवर उभा राहिलेला तो माणूस, आणि त्याचा निकाल तुमच्या कपाटात. तो निर्दोष असेल तर ते लवकर आणि कारणांसह सांगणं हेही तुमचंच काम. इथल्या किती जणांनी रात्री अकरानंतर ठाण्यात तासभर बसून पाहिलंय? लॉकअपचा वास कुणाला माहीत आहे? न पाहिलेल्या खोलीत कोण घसरून पडला याचा निर्णय देताय.

आता कामाचं. आज रात्री हीच फाइल पुन्हा. निष्कर्ष लिहायचा नाही. प्रत्येक पानावर एक प्रश्न, स्वतःच्या अक्षरात, आणि तो कुणाला विचारायचा ते. पान अठ्ठावीस मी सगळ्यांच्या फाइलमधून काढून घेतलंय, शोधू नका. उद्या दुपारी शेजारच्या ठाण्याला भेट, लॉकअप रजिस्टर प्रत्यक्ष हाताळायचं, ठाणे अंमलदाराला बसून विचारायचं. वर्ग सकाळी दहाला. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी गृह विभागाकडे राजीनामा पाठवावा आणि खुर्ची वाचणाऱ्या माणसाला मोकळी करावी. उरलेल्यांनी फाइल घेऊन जा.